उसनी आपट

अक्कलदाढ काढल्यावर दिवसभर चूळ भरायची नाही, थुंकायचं नाही आणि जिभेने खड्डा चाचपायचा नाही. सगळे चाचपतात.

*

जाड पडदे टाकले की जुना ड्रायर चालायला लागतो. म्हणजे खरोखर चालायला लागतो. गुरगुरत, सरकत, बाकापर्यंत येतो.

*

दार अरुंद आहे. माणसांना ते कळत नाही.

*

पिळा समोरच्याला उचलतो, हवेत पिळतो आणि जमिनीवर आपटतो. समोरचा चादर असल्यासारखा.

*

मामा म्हणतो वीज गेली होती. वीज गेलीच होती. त्यावर कुणाचाच वाद नाही.

*

दोन्ही हात वर. बंदूक कुणीच रोखलेली नाही.

*

"काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?"

नाणं टाका

लाँड्री आधी आजोबांची होती, आता मामाची आहे. एका भिंतीला कपडे धुण्याची यंत्रं, समोरच्या भिंतीला ड्रायर, मध्ये लाकडी बाक. लोक कपडे टाकून बाकावर बसायचे, कंटाळायचे, आणि कंटाळा अनावर झाला की उठून ड्रायरला थापा मारायचे. ड्रायरचे हाल बघवेनात म्हणून आजोबांनी एक खेळाचं मशीन आणून मागच्या बाजूला, बेसिनशेजारी उभं केलं.

माणसाहून उंच लाकडी खोका. काचेआड पडदा, पुढे दोन दांड्या आणि बटणांच्या रांगा. पडद्यावर दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांना बदडतात. वर घड्याळ उलटं चालत असतं. ज्याचा जीव आधी संपेल तो हरला. वेळ संपली तर ज्याचा जीव जास्त उरला तो जिंकला. एवढंच. खेळाचं खरं नाव खोक्याच्या माथ्यावर छापलेलं होतं, पण वाफेने तो कागद पहिल्याच वर्षी सोलून निघाला. आमच्याकडे त्याला 'बदडाबदडी' म्हणतात.

त्यातल्या लढवय्यांना बाहेर भारदस्त नावं आहेत म्हणे. आमच्याकडे सपाट चेहऱ्याचा तो इस्त्री, हातातून निसटणारी ती साबण, आणि टकला पैलवान तो पिळा. पिळा हा माझ्या मावशीचा. लहानपणापासूनचा. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला अजून खपत नाही.

आता आपटीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे.

ठोसा अडवता येतो. लाथ अडवता येते. आपट अडवता येत नाही. समोरचा अगदी जवळ येतो, बटण दाबतो आणि तुम्ही हवेत. मामा मावशीपेक्षा थोडा मोठा, हात लांब, लाज कमी. तो जवळ जायचा आणि आपटायचा. पुन्हा जायचा, पुन्हा आपटायचा. मावशी भोकाड पसरायची.

"बाबा, दादा नुसता आपटतोय!"

"नियमात आहे," मामा म्हणायचा.

"कुणाच्या नियमात?" आजोबा कपड्यांच्या गठ्ठ्यामागून विचारायचे.

"मशीनच्या."

"आणि मशीन कुणाचं?"

मग आजोबांनी नियम केला. ज्याने आपटलं त्याने दांडीवरचे, बटणांवरचे दोन्ही हात उचलायचे आणि डोक्याच्या वर धरायचे. समोरचा सावकाश चालत येणार, त्याला एकदा आपटणार, आणि मगच भांडण पुढे चालू. घेतलेली आपट ही उसनी. उसनं फेडायचं.

मामाने पळवाट काढली. आपटायचा, आणि फेडायची वेळ आली की मागे हात घालून मशीनचा प्लग ओढायचा. पडदा काळा. आजोबा म्हणाले, ज्याचं उसनं बाकी त्याने प्लगला हात लावायचा नाही. मामाने पाय लावला. आजोबा म्हणाले, पायही नाही. मामाने माझ्या आईला फितवून तिच्याकडून ओढवला. आजोबा म्हणाले, दुसऱ्याकडून काढवलास तर तूच काढलास असं धरणार. असा तो कायदा वाढत गेला, आणि लाँड्रीत कपडे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाने तो पाळला. नवं माणूस आलं की बाकावरचं कुणीतरी सांगायचं, "आपटलंस ना? हात वर घे." लोक मुकाट घ्यायचे. आजोबांच्या हातात बहुतेक वेळा गरम इस्त्री असायची, त्याचाही थोडा हात असेल.

एकदा मामाने मावशीला आपटलं आणि हात वर केले. खरंच केले. मावशीचा पिळा डुलत डुलत त्याच्याकडे निघाला, आणि अख्ख्या रस्त्याची वीज गेली.

"मी काही केलं नाही!" अंधारात मामाचा आवाज.

"वीज जाऊ दे नाहीतर मी जाऊ दे," अंधारात आजोबांचा आवाज, "उसनं ते उसनं. उद्या दे."

उद्या मामाला ताप आला. परवा मावशी रुसलेली होती. तेरवा कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

खेळाडू निवडा

मावशी मोठी होऊन दाताची डॉक्टर झाली. दवाखाना लाँड्रीच्या पलीकडच्या फुटपाथवर, पहिल्या मजल्यावर. तिचं मनगट आणि अंगठा अशा कामाला लागले की ज्यात दांडी हलवण्याची ताकद टिकून राहते. दर रविवारी सकाळी ती लाँड्रीत येते, पांढरे अॅप्रन मशीनमध्ये टाकते आणि ते धुऊन निघेपर्यंत खेळते.

जो खेळ कपडे वाळेपर्यंतचा वेळ घालवायला आला होता, त्याची आता दर वर्षी स्पर्धा भरते. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये जुनी मशीनं आणून पुसूनबिसून ओळीने लावतात. खेळाहून वयाने लहान पोरं-पोरी येतात. कुठल्या लढवय्याचा पाय किती वेळ हवेत राहतो हे त्यांना पाठ असतं. नवे खेळ आले, जुने झाले, विसरले गेले. हा काही जात नाही. काय आहे त्यात, असं मी मावशीला विचारलं होतं. ती म्हणाली, "समोर कोण आहे ते दिसतं." पडद्यावर म्हणायचंय का खुर्चीवर, ते तिने सांगितलं नाही.

तिने कधी स्पर्धेत भाग घेतला नव्हता. घ्यायला लावला मामाने, आणि तोही मशीन फेकण्यासाठी.

"रजया धुवायला येतात लोक," मामा म्हणाला. "मोठा ड्रायर घ्यायचाय. तो ठेवू कुठे? डोक्यावर?"

"मशीन मी नेते. दवाखान्यात ठेवते. पोरांचं रडणं तरी थांबेल," मावशी म्हणाली.

"ने की! ने! कशी नेतेस बघू."

मावशी दाराकडे बघत राहिली. मीही बघितलं. मशीन आलं तेव्हा लाँड्रीला दर्शनी भिंतच नव्हती, नुसतं शटर. भिंत, काच आणि दार नंतर बांधलं. त्या दारातून मशीन उभं जात नाही, आडवं जात नाही, तिरकं करून बघितलं तर बेसिन आडवं येतं.

"भिंत फोडली तर जाईल," मामा म्हणाला. "भिंत मी फोडणार नाही. भंगारवाला म्हणतो, कटरने चार तुकडे करतो."

"चार तुकडे?"

"तू नाही का दाढ तुकडे करून काढत?"

"ती किडलेली असते, दादा!"

"हे पण किडलंय. खेळतंय कोण आता?"

"मी."

"तू म्हणजे रविवारी, अॅप्रन धुऊन होईपर्यंत. हातात काही राहिलंय का तरी?"

हे बोलायला नको होतं. मावशीने चष्मा काढला, पुसला, परत घातला. पेशंट जबडा घट्ट मिटून बसला की ती हेच करते.

"ती स्पर्धा आहे ना," ती म्हणाली.

"आहे."

"सांग, कुठपर्यंत जाऊ?"

मामाने डोकं खाजवलं. "पहिल्या आठात ये. आलीस तर मशीन इथेच, मी जन्मात विषय काढणार नाही. नाही आलीस तर सोमवारी कटर."

"शब्द?"

"शब्द."

मामा शब्दाचा पक्का आहे. हा त्याचा गुण घरात सगळ्यांना महागात पडत आलाय.

सराव

अडचण अशी होती की मावशीचे हात ऐकत नव्हते.

बाकी सगळं जमत होतं. ठोसे, लाथा, मागे सरकणं, वाट बघणं. पण आपटलं की तिचे दोन्ही हात आपोआप डोक्यावर जायचे. इतक्या वर्षांची सवय. लाँड्रीत ठीक आहे. स्पर्धेत हात सोडून उभी राहिली तर समोरचा काय तिला एकदाच आपटून थांबणार आहे?

"चिमे, हात खाली," मामा म्हणाला.

"मला कळतंय."

"कळतंय तर खाली ठेव."

"ठेवतेय ना!" मावशी ओरडली. हात डोक्यावर.

मग मामाने कपडे वाळत घालायचे चिमटे आणले आणि तिच्या दोन्ही बाह्या मशीनच्या कडेला चिमटवल्या. मावशीने आपटलं. चिमटे उडाले, एक थेट इस्त्रीच्या टेबलावर जाऊन पडला, आणि हात वर. मामाने चिमटे वाढवले. मी मध्येच विचारलं, "मामा, तुला मशीन घालवायचंय ना? मग हिला कशाला शिकवतोस?"

"हरायचं तर नीट हरू दे की," मामा म्हणाला, आणि आणखी दोन चिमटे लावले.

शेवटी मावशीने ठरवलं, आपटायचंच नाही. पिळ्याला घेऊन न आपटता खेळायचं. हे म्हणजे भूल न देता दाढ काढण्यासारखं आहे, ती स्वतःच म्हणाली. होतं, पण फार चिकाटी लागते.

स्पर्धेत टोपणनाव द्यावं लागतं. तिने दिलं: अक्कलदाढ.

हॉल

रविवार दुपार. मी तिची पिशवी धरून. मामा "मला काय, सहज आलो" म्हणत आम्हा दोघींच्या आधी येऊन पहिल्या रांगेत बसलेला. लाँड्री बंद ठेवून. रविवारी.

अक्कलदाढ जिंकत गेली. ठोसा, मागे, ठोसा, मागे. एक पोरगा हरल्यावर म्हणाला, "तुमचा पैलवान फेकत का नाही कुणाला?" ती म्हणाली, "त्याचा खांदा दुखतोय." पोरगा विचारात पडून गेला.

आणखी एक सामना जिंकली की पहिल्या आठात. समोर आला मागच्या वर्षीचा विजेता, टोपणनाव पेंगुळ. डोळे अर्धे मिटलेले, केस उशीवरून उठल्यासारखे, बसताना जांभई.

"नमस्कार काकू."

"काकू नको. अक्कलदाढ म्हण."

"बरं, अक्कलदाढकाकू."

हॉलमध्ये आणि घरोघरी ऐकू गेलेलं समालोचन, एक जाड आवाज आणि एक बारीक

– तर मंडळी, एक-एक फेरी दोघांची. ही शेवटची.

– मी सांगतो, पेंगुळला आज घाम फुटलाय.

– तो घाम नाही, तो असाच दिसतो.

– अक्कलदाढने अजून एकदाही फेकलेलं नाही! पैलवान घेऊन! ही काय चाल आहे?

– मानसिक दबाव. समोरचा वाट बघून बघून वेडा होतो.

– पेंगुळ कोपऱ्यात. अडवतोय. अडवतोय. सगळं अडवतोय.

– तिचा जीव किती उरलाय बघ. एक धक्का लागला तरी गेली.

– त्याचा जरा जास्त. एक फेक जेमतेम सोसेल एवढा.

– ती जवळ गेली. अरे, अगदी जवळ...

– फेकलं!

– फेकलं!! काय फेकलं! पेंगुळ जिवंत आहे, केसाएवढा, पण आता एक ठोसा आणि...

– ...

– हे काय?

– तिने हात वर केले.

– दोन्ही.

– मशीन बिघडलं का?

– पहिल्या रांगेत एक गृहस्थ उभे राहून ओरडतायत.

– काय म्हणतायत?

– "हात खाली घे, चिमे." मला तरी तसं ऐकू आलं.

वेळ संपली

पेंगुळने बाजूला बघितलं. बाजूच्या खुर्चीवर एक चष्मेवाली बाई दोन्ही हात वर करून शांत बसलेली. त्याचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले. त्याने दांडी सोडली.

"काकू, तुम्ही बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. तू आपट."

"काय?"

"मला आपट. ये चालत."

पेंगुळने पंचाला हाक मारली. पंच धावत आला. गळ्यात शिट्टी, हातात पाण्याची बाटली.

"काय झालं? दांडी अडकली?"

"नाही," मावशी म्हणाली.

"बटण?"

"नाही हो."

"मग हात का वर?"

"आता तो मला आपटणार आहे."

"असं तुम्हीच म्हणताय?"

"मग कोण म्हणणार? मी त्याला आपटलंय ना!"

"मॅडम, बसून घ्या जरा, पाणी..."

"मी बसलेलीच आहे!"

आणि या सगळ्या वेळात पडद्यावर पिळा आणि पेंगुळची साबण समोरासमोर जागच्या जागी डुलत होते, आणि वरचे आकडे उतरत होते. कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. मामाचं होतं. मामा एकदम खाली बसला आणि त्याने तोंडावर हात ठेवला.

वेळ संपली. पिळ्याचा जीव नखाएवढा जास्त होता. मशीनने पिळ्याला विजयी केलं. पिळ्याने छाती ठोकली, हसला, त्याचा एक दात चमकला.

हॉलमध्ये जो गोंगाट झाला त्यात मला मामाचाच आवाज आला: "आली! आठात आली!"

मामा, ज्याला मशीन नको होतं. तो शेजारच्या अनोळखी माणसाला मिठी मारत होता.

पंचाने मावशीचं नाव पुकारलं. मावशी उठली नाही.

"ही फेरी धरू नका," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"उसनं राहिलंय. फेड झाली नाही. फेड झाल्याशिवाय फेरी संपत नाही."

"मॅडम, असा नियम नाही."

"आमच्याकडे आहे."

मामा कठड्यावरून अर्धा आत आला. "धरा! धरा ती फेरी! चिमे, उठ, चल! वेळ संपली म्हणजे संपली!"

"दादा, वीज गेली होती तेव्हा बाबा काय म्हणाले होते?"

मामा कठड्यावरून परत मागे उतरला.

पंचाने नियमांत बघितलं. दोघांची तयारी असेल तर फेरी पुन्हा घेता येत होती. तो पेंगुळकडे वळला. सगळे पेंगुळकडे वळले. पेंगुळ विचार करत होता. त्याला ते जड जात होतं असं दिसत होतं.

"काकू, म्हणजे मी तुम्हाला फेकू शकलो असतो? फुकटात?"

"फुकटात नाही. तुझं होतं ते."

"आणि मग तुम्ही हरला असता."

"हो ना."

"तरी हात वर?"

"अरे, ते जातातच वर. माझ्या हातात नाही ते."

पेंगुळने जांभई दिली. मग म्हणाला, "खेळू पुन्हा."

त्या पुन्हा घेतलेल्या फेरीत मावशीने आता लपवायचं काही उरलं नाही म्हणून मनसोक्त आपटलं. आपटलं की हात वर. पेंगुळची साबण अदबीने चालत यायची, पिळ्याला उचलायची, आपटायची आणि दोन पावलं मागे जाऊन थांबायची. मग त्याने आपटलं, आणि त्याचेही हात वर गेले, जरा उशिराने, शाळेत उत्तर येतंय का नाही अशा बेताने. पिळा डुलत डुलत गेला. हॉल टाळ्यांनी दणाणून गेला. आणि सगळी देणीघेणी फिटल्यावर पेंगुळने माझ्या मावशीला अगदी व्यवस्थित, मनापासून बदडलं.

ती हरली. नवव्या जागेवर, किंवा सोळाव्या; आठात नाही.

पेंगुळही पुढच्याच सामन्यात हरला. त्याने समोरच्या पोरीला फेकलं आणि हात वर केले. ती पोरगी लाँड्रीतली नव्हती.

पुढे खेळायचं?

घरी येताना गाडी सिग्नलला थांबली. तेव्हा मामा बोलला.

"तुझ्यामुळे आता मला मशीन कापायला लागणार."

"माझ्यामुळे?" मावशी म्हणाली.

"शब्द दिलाय मी! आली होतीस ना तू आठात! कोण म्हणत होतं नाही म्हणून?"

"मी."

"हो ना! तूच!"

दोघं खिडकीबाहेर बघत बसले, तो इकडच्या, ती तिकडच्या. गाडी मी चालवत होते.

सोमवार

भंगारवाला दुकान उघडताच आला. हातात कटर, खांद्यावर लांब वायर. मामाने मशीनवरचे साबणाचे डबे उतरवले. काच पुसली. का पुसली, विचारू नका. मी तिथे होते कारण माझे कपडे आत फिरत होते, आणि खरं सांगायचं तर कपडे स्वच्छच होते.

"प्लग काढा," भंगारवाला म्हणाला.

मामा मशीनच्या मागे वाकला. वाकलेलाच राहिला.

दार उघडलं. मावशी. अॅप्रन, तोंडावरचा मास्क हनुवटीवर ओढलेला, हातांत रबरी मोजे.

"वरती पेशंटचं तोंड बधिर करून आलेय," ती म्हणाली. "माझ्याकडे वेळ कमी आहे. दादा, प्लग सोड."

"शब्द म्हणजे शब्द, चिमे."

"शब्दाबद्दल बोलतच नाहीये मी. तुझं उसनं बाकी आहे."

मामा सरळ झाला. "वीज गेली होती!"

"गेली होती. मग आली ना?"

"मला ताप होता!"

"उतरला ना?"

"अगं, किती वर्षं झाली त्याला! विसरलीस तू पण!"

"विसरले नव्हते. ठेवून दिलं होतं," मावशी म्हणाली. "आणि तूही विसरला नाहीस. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना तू मेन स्विच पाडतोस. इतक्या वर्षांत या प्लगला एकदा तरी हात लावलायस?"

आम्ही सगळ्यांनी प्लगकडे बघितलं. त्याच्यावर कपड्यांच्या बारीक तंतूंची राखाडी लोकर चढली होती. एक जुना छोटा मोजा त्यात अडकून लोकरीचाच झाला होता.

मामाने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"मी काढू का?" भंगारवाला म्हणाला.

"नको!" दोघं एकदम ओरडले.

"दुसऱ्याकडून काढवला तर मीच काढला असं होतं," मामाने त्याला समजावलं.

"बरं. मग मेन पाडा."

"पाडतो."

"पण मेन पाडला तर माझं कटर कशावर चालणार?"

सगळ्यांनी कटरच्या वायरकडे बघितलं. ड्रायर तेवढा गुरगुरत होता.

मग मामाला मार्ग सुचला. त्याने खिशातून नाणं काढलं, मशीनमध्ये टाकलं, मावशीसाठी पिळा निवडला, स्वतःसाठी इस्त्री. जवळ गेला, पिळ्याला बोटही लावलं नाही, आणि दोन्ही हात डोक्यावर धरून उभा राहिला.

"घे. आपट. फिटू दे एकदाचं."

मावशी मशीनसमोर आली. दांडी धरली. पिळा इस्त्रीकडे निघाला, डुलत डुलत, त्या अंधाराआधी निघाला होता तसाच. अगदी जवळ गेला. मावशीचा अंगठा बटणावर होता. मामाने डोळे मिटून घेतले.

मावशीने मोज्यावरून मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"आत्ता नको," ती म्हणाली. "भूल उतरेल त्याची."

आणि गेली. रस्ता ओलांडताना दिसली, जिना चढताना दिसली, आणि मग वरच्या खिडकीत फक्त दिवा.

"शेठ," भंगारवाला म्हणाला, "मी काय करू?"

मामाचे हात अजून वरच होते. त्याने हात खाली न घेता हनुवटीने भिंतीकडे खूण केली.

"तो ड्रायर ने," तो म्हणाला. "तो पडदे टाकले की चालतो."

दुसरा खेळाडू?

जुन्या ड्रायरच्या जागी आता मोठा ड्रायर आहे. रजया फिरतात. मशीन बेसिनशेजारीच आहे.

त्या सामन्याची क्लिप बरीच फिरली. पुढच्या स्पर्धेत कुणीतरी फेकल्यावर हात वर केले आणि हॉल हसला. त्याच्या पुढच्या स्पर्धेत दोघातिघांनी केले आणि कुणी हसलं नाही. नियम झालेला नाही. पंच म्हणतो, होणारही नाही. पण हात वर न करणाऱ्याला आता प्रेक्षकांतून कुणीतरी खोकून दाखवतं.

पेंगुळ महिन्यातून एकदा कपड्यांची पिशवी घेऊन येतो. त्याच्या घरी धुण्याचं मशीन आहे असं त्याच्याच तोंडून निसटलं. मावशीने त्याची अक्कलदाढही तपासली. वाकडी आहे, काढावी लागेल, तिचे तुकडे करावे लागतील, असं ती सांगत असताना मामा अंग चोरून उभा होता.

रविवारी सकाळी मावशी अॅप्रन टाकते. मामा इस्त्री खाली ठेवून येतो, नाणं टाकतो आणि दोन्ही हात वर करतो.

"घेतेस?"

"आज अंगठा दुखतोय," ती म्हणते. किंवा "आज मूड नाही." किंवा नुसतंच, "बघू."

"चिमे, हे बरं नाही. माणसाने उसनं ठेवू नये डोक्यावर."

"तुझे हात आहेत डोक्यावर. उसनं माझ्याकडे आहे."

मग ती त्याला ठोसे मारते, लाथा मारते, कोपऱ्यात घालून मारते. जवळ मात्र जात नाही. मामा हरतो, तावातावाने पुन्हा नाणं टाकतो, आणि संध्याकाळी दुकान बंद करताना मेन स्विच पाडतो.

लाँड्रीची दर्शनी भिंत बांधायला घेतली तेव्हा गवंड्याने आजोबांना विचारलं होतं की आतलं ते उंच खोकं कधी बाहेर काढायचं असेल तर दार थोडं रुंद ठेवू का, आणि आजोबा म्हणाले होते, नको.